धुरपताबाईंनी मागितलेलं शील

नालवाडीत कुणाच्या पोरीला स्थळ आलं, कुणाच्या घरी सासू-सुनेचं वाजलं, कुणाचं पोरगं परीक्षेत आपटलं, की माणसं आधी धुरपताबाईंकडे जातात. डॉक्टर, वकील, पोलीस सगळे नंतरचे. सारी उमर त्यांनी अंगणवाडी चालवली. अर्ध्या वस्तीला त्यांनी बोट धरून 'अ' गिरवायला शिकवलं आणि उरलेल्या अर्ध्या वस्तीचा शेंबूड पुसला. ज्या बाईनं आपला शेंबूड पुसलाय तिच्यापुढं मोठेपणी तोंड वर करून बोलायचं कसं? आम्ही सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणतो. विहाराच्या महिला मंडळाच्या त्या अध्यक्ष आहेत. निवडणूक कधी झाली ते मात्र मला आठवत नाही.

मी त्यांच्या शेजारची, भावना. बाईंवर माझा जीव आहे आणि अधूनमधून त्यांचा मला सणकून रागही येतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

त्यांचे यजमान नत्थूभाऊ. जिनिंगच्या कारखान्यातून रिटायर झाले, आता सत्तरी ओलांडली. बाई बोलतात आणि भाऊ मान हलवतात, असा त्यांचा संसार. अंगणात बसून तुरीच्या शेंगा सोलतील, दळण आणतील, कुणाच्या अध्यात ना मध्यात. या माणसाचं एक गुपित नालवाडीत बाई सोडल्या तर फक्त मला ठाऊक होतं आणि ते बाईंनाही माहीत होतं, कारण माझं माहेर समुद्रपूर तालुक्यातलं, भाऊंच्या गावाला लागून. लहानपणी माझ्या बापानं मला खांद्यावर बसवून खडी गंमत पाहायला नेलं होतं. खडी गंमतीत बाई नसते. शाहीर असतो, ढोलकी-तुणतुण्यावाले असतात आणि लुगडं नेसून, घुंगरू बांधून पुरुषच नाचतो. त्याला नाच्या म्हणतात. त्या रात्रीचा नाच्या होता नत्थू. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर बाया एकमेकींना विचारत होत्या, की मेल्यानं पदर सावरायचं शिकलं कुठं! लग्न झालं आणि त्यानं नाच सोडला. का सोडला, ते मी विचारलं नाही. बाईंना कोण विचारणार?

परवाच्या जानेवारीत आम्ही वीस-बावीस जण थायलंडला गेलो. बाईंच्या अंकितनं, म्हणजे पुण्याच्या मुलानं, आईबापाचं टूरमध्ये नाव घातलं आणि बाई निघाल्या म्हणून आम्ही सगळे निघालो. बुद्धाचं दर्शन घ्यायचं, मंदिरं पाहायची, हा हेतू. समुद्र पाहायचा, हाही होता, पण तो कुणी बोलून दाखवला नाही.

बँकॉकहून पटायाला निघालो त्या सकाळी आमचा गाइड प्रफुल बसमध्ये माइक घेऊन उभा राहिला. हा नागपूरचा, पोट सुटलेला, बोलघेवडा गडी. म्हणाला, "देखो मावशी, काकाजी, आज संध्याकाळी मोकळा टाइम हाय. पटायाचा कॅबरे शो दुनियाभर मशहूर आहे. ज्यांना जायचंय त्यांनी दुपारपर्यंत सांगा. आणि कॅबरे म्हटलं की घाबरू नका. एकदम फॅमिली शो! स्टेजवर ज्या बाया नाचतात ना, त्या सगळ्या जन्मानं पुरुष आहेत. पण पाहाल तर म्हणाल, हे शक्यच नाही." आणि त्यानं रंगीत कागद वाटले. त्यावर डोक्यावर हातभर उंच पिसांचे मुकुट घातलेल्या बाया होत्या.

बसमध्ये एकच कल्ला झाला. तहसील कचेरीतून रिटायर झालेले रूपराव म्हणाले, "इतक्या दूर काय नाच पाहाले आलो काय आपन?" त्यांच्या बायकोनं तो कागद तेवढ्यात दोनदा उलटसुलट पाहिला होता. मागून कुणी म्हणालं, "माह्या साळ्यानं पाह्यला. म्हणे ताजमहाल एक डाव नाई पाह्यला तं चालन, हे पाहा." कुणी म्हणालं, "वर्ध्याच्या आर्केस्ट्रात काय कमी असते?" कुणी म्हणालं, "घरी काय सांगाचं?" खरा प्रश्न तोच होता.

तेव्हा नत्थूभाऊ बोलले. अख्ख्या प्रवासात त्यांनी पहिल्यांदा काही विचारलं. म्हणाले, "प्रफुलभाऊ, हे डोक्शावरचं वजन केवढं असते? नाचतान मान कशी धरते हे लोकं?"

"काऊन नत्थूभाऊ, तुमाले काय करा लागते?" रूपराव दात काढत म्हणाले. "घालून पाहाचं हाय काय?"

बस हसली. भाऊही हसल्यासारखे झाले आणि कागदाकडे पाहत राहिले. मी बाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा उतरला होता की जणू कुणी चारचौघांत पदराला हात घातला. मग सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. निकाल त्यांच्याकडूनच यायचा होता.

"आधी मंदिरात जाऊन येऊ," बाई म्हणाल्या. "मंग ठरवू."

वाटेत एका टेकडीवरचं मंदिर होतं. आता आमची रीत सांगायला हवी. भंते आपणहून शील देत नाहीत, आधी मागावं लागतं. पुढं बसलेला एक जण पालीत याचना म्हणतो आणि बाकीचे त्याच्यामागून म्हणतात. नेहमीची याचना पाच शीलांची. पौर्णिमेला ज्याला झेपेल तो आठ मागतो. आठ घेतली की दुसऱ्या दिवशीच्या उजेडापर्यंत तीन गोष्टी जास्तीच्या सोडायच्या असतात: दुपारी बारानंतर जेवण, नाचगाणं आणि साजशृंगार, आणि उंच मऊ बिछाना. आमच्याकडे अष्टशील घेणारे आदल्या दिवशीच तसं ठरवतात आणि पांढरं लुगडं काढून ठेवतात.

बाई पुढं बसल्या, आम्ही मागं. समोर म्हातारे थाई भंते. त्यांचे उच्चार वेगळे, पण शब्द आपलेच, त्यामुळे डोळे भरून आले होते. बाईंनी याचना सुरू केली आणि आम्ही लहानपणापासूनच्या सवयीनं त्यांच्या शब्दावर शब्द टाकत गेलो. मग भंते एकेक शील सांगू लागले. पाच झाली. आम्ही साधुकार द्यायला हात उचलले, तर भंते थांबेनात. सहावं आलं. रूपरावांचं कोपर माझ्या बरगडीत बसलं. पण परक्या मुलखात, भंते समोर असताना, मधेच थांबायचं कसं? आम्ही सहावं म्हटलं, सातवं म्हटलं, आठवंही म्हटलं. बाईंनी आठ मागितली होती आणि आम्ही पाठोपाठ मागून बसलो होतो.

बाहेर येताच रूपराव चपला शोधतच म्हणाले, "बाई, हे काय केलं? मंग संध्याकायचं जेवन?"

"आज पौष पौर्णिमा हाय," बाई म्हणाल्या. "बुद्धाच्या देशात येऊन पौर्णिमेले पाचावर भागवाचं? शरम नाई वाटत?"

खरंच पौर्णिमा होती. कॅलेंडर घरी भिंतीवर राहिलं होतं, आमच्यापैकी एकालाही आठवण नव्हती. एक-दोघींनी तर "साधु, साधु" म्हटलं. प्रफुलनं विचारलं, "मग शोचं कसं?" बाई म्हणाल्या, "अष्टशीलात नाच पाहाले चालत नाई." संपलं. शोची गोष्ट तिथंच मिटली आणि कुणाला नाही म्हणावंही लागलं नाही. प्रफुल मुकाट्यानं उरलेले कागद गोळा करू लागला. नत्थूभाऊंनी मात्र आपला कागद दिला नाही. घडी करून खिशात ठेवला.

मग बारा वाजायच्या आत जेवण उरकायची धांदल उडाली. पटायातल्या हिंदुस्थानी हॉटेलात आमची मंडळी अशी जेवली की वेटर दारात उभे राहून पाहत होते. तरी काय, पोटाला पौर्णिमा कळत नाही. दुपारी चारला मी पिशवीतली पार्लेची बिस्किटं काढली आणि माझं शील चहात बुडवून खाल्लं. रूपरावांना साखरेचा आजार, त्यांना खावंच लागलं. आणि त्यांना सोबत म्हणून आणखी पाच-सहा जणांना.

संध्याकाळी बाई माझ्या खोलीत आल्या. खुर्चीवर बसल्या, उठल्या, खिडकीपाशी गेल्या, परत बसल्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

"भावना, मले एक सांग," त्या म्हणाल्या. "नियत खोटी असन तं शील लागते का?"

"कोनाची नियत, बाई?"

"माही."

मी बिस्किटाचा पुडा बाजूला ठेवला.

"दुपारी मी पडली होती," त्या सांगू लागल्या. "माहा डोळा लागला असं त्याइले वाटलं. आरशापुढं गेले. हॉटेलचा पांढरा टावेल डोक्शाले गुंडाळला, त्याच्यावर उशी ठेवली. आन् मान सरळ धरून चालले. खाटेपासून दारापावतर, दारापासून खाटेपावतर. उशी नाई पडली वं. सत्तरीचा मानूस. जरा उशी नाई पडली."

मी त्यांच्यापुढं पाण्याचा ग्लास ठेवला.

"मले पौर्णिमा आठोली, थे खरं हाय. पन काऊन आठोली? थे बसमधी इचारून राह्यले होते, रूपराव दात काढून राह्यला होता, मले वाटलं आता सगळं बाहेर निघते. इतके वर्स झाकून ठेवलेलं. आन् एकदा थे त्या शोले गेले असते ना, तं त्याइच्या तोंडावरच दिसलं असतं सगळ्याइले. म्हून मले पौर्णिमा आठोली. म्या शील नाई घेतलं, भावना. शीलानं त्याइले बांधून ठेवलं. भंतेपुढं बसून."

मला राग आला. भुकेचा नव्हता, कारण मी खाल्लं होतं. ज्या बाईनं आम्हाला खोटं बोलू नये म्हणून शिकवलं, तिनं खरं बोलून लबाडी केली होती. ते जास्त वाईट. मी म्हटलं, "अजून टाइम हाय. जा त्याइले घेऊन."

"शील मोडन माह्य."

"तुमचं तं सकाळीच मोडलं, बाई."

हे मी बोलले आणि जीभ चावली. पण बाईंनी रागावून पाहिलं नाही. उठल्या आणि म्हणाल्या, "तू चाल संग. मले एकटीले सांगनं नाई होनार."

नत्थूभाऊ खाली, चादर अंथरून भिंतीला टेकून बसले होते. हॉटेलचा पलंग उंच आणि गुबगुबीत, तो अष्टशीलात चालत नाही. हातात तोच रंगीत कागद. आम्हाला पाहताच त्यांनी तो मांडीखाली सारला. ते पाहून बाईंचा उरलासुरला धीर सुटला.

"चला," त्या म्हणाल्या. "शो पाहून येऊ."

"आज अष्टशील हाय," भाऊ म्हणाले.

"थे म्या लबाडीनं मागतलं. तुमाले जाऊ द्याचं नव्हतं म्हून. थे शील नोहे. उठा."

भाऊंना नवल वाटल्यासारखं दिसलं नाही. म्हणाले, "तू कसं मागतलं थे तुले मालूम. म्या खऱ्यानं घेतलं. भंतेच्या डोळ्यात पाहून घेतलं. आता थे माह्य हाय."

"उद्या सकाळी निघाचं हाय. मंग पाहाले नाई भेटत."

"नाई भेटत तं नाई."

रुसून बोलत होते असं नाही. रुसवा असता तर बाईंनी तो दोन शब्दांत काढला असता, त्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. त्या पलंगाच्या कडेवर बसल्या, पलंग चालत नाही हे आठवून ताडकन उठल्या, आणि उभ्याउभ्याच रडू लागल्या. मला हसावं की रडावं कळेना. मी त्यांचा हात धरला.

"तू जाऊन ये," भाऊ म्हणाले.

"मी? मी कायले जाऊ?"

"तू कधी पाह्यलं नाई ना." ते कागदाची घडी पुन्हा नीट करत होते. "माह्यंही नाई पाह्यलं. न पाह्यताच बंद करवलं तू. एक डाव पाहून तं ये, काय असते थे."

त्यांच्या आवाजात टोमणा शोधूनही सापडला नसता. चाळीसहून जास्त वर्षं एका ताटात जेवलेल्या बाईला त्यांनी हे आज पहिल्यांदा सांगितलं, आणि तेही ती स्वतःच कबुलीला आली तेव्हा. बाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि पिशवी उचलली.

प्रफुलनं काही विचारलं नाही. धंद्यात मुरलेला माणूस, दोन जागा काढून दिल्या. त्या झगमगीत हॉलमध्ये सकाळच्याच साध्या लुगड्यातल्या बाई अशा बसल्या होत्या जशी एखादी आहेर घरी विसरून लग्नाला आलेली बाई. पडदा वर गेला. वाजलं, उजेड झाला, आणि ती पिसांच्या मुकुटातली माणसं पायऱ्या उतरत आली. सुरुवातीला बाईंनी मान वर केलीच नाही. मी म्हटलं, "बाई, भाऊ इचारतीन. काय सांगसान?" तेव्हा त्यांनी पाहिलं.

आणि मग पाहतच राहिल्या. मला वाटलं होतं काहीतरी चावट असेल, तसं काही नव्हतं. देशोदेशीची गाणी, देशोदेशीचे पोशाख. एक हिंदी गाणंही झालं, त्याला आपल्या लोकांनी शिट्ट्या मारल्या. बाईंनी मला हळूच विचारलं, "हे पायात घुंगरू नाई घालत का वं?" मी म्हटलं, नाही दिसत. थोड्या वेळानं पुन्हा, "दमत असतीन ना?" मी म्हटलं, दमत असतील.

शेवटी एक वयस्कर कलाकार एकटाच आला. गाणं हळू होतं. गाता गाता त्यानं केसांचा टोप काढला, मग ओठांचा रंग पुसला, मग डोळ्यांखालचं काजळ. पुसता पुसता बाई नाहीशी झाली आणि एक थकलेला, टक्कल पडलेला पुरुष समोर उभा राहिला. हॉल टाळ्यांनी दणाणला. बाई टाळ्या वाजवत नव्हत्या. पदर तोंडात धरून बसल्या होत्या.

"लग्न होऊन थोडेच रोज झाले होते," त्या मला म्हणाल्या. टाळ्यांत मला अर्धंच ऐकू येत होतं, मी कान जवळ नेला. "हिंगणघाटाकडं कार्यक्रम होता त्याइचा. सकाळी आले. खुश होते, लोकाइनं खांद्यावर घेतलं होतं म्हणे. सांगाले लागले मले. डोळ्यात काजळ तसंच. नेमका माहा भाऊ माहेराहून मले न्याले आलता, थो पाहून हासला. माह्या आंगाची आग झाली. म्या चहा नाई देल्ला. म्हटलं, आधी डोळे धुवा. आन् आजपासून एक तं हे नाई तं मी."

"मंग? काय म्हणाले?"

"साबन मागतलं," बाई म्हणाल्या. "दुसरं काई बोलले नाई. साबन दे म्हणे."

रात्री परत आलो. खोलीचं दार भाऊंनीच उघडलं. जागेच होते. पोटात काही नाही, म्हणून मी त्यांना फ्लास्कमधलं गरम पाणी ओतून दिलं. अष्टशीलात तेवढं चालतं. ते पुन्हा चादरीवर बसले, बाई त्यांच्यासमोर फरशीवर बसल्या.

"कसं होतं?" भाऊंनी विचारलं.

साऱ्या नालवाडीला निकाल देणारी बाई, तिला एक वाक्य जुळेना. "चांगलं होतं," त्या म्हणाल्या. "लय चांगलं होतं."

"मुकुट हालत होते का?"

"एकीचा हालत होता. बाकीच्याइचे नाई."

"पाय कसे टाकत होते? टाचेवर का चवड्यावर?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मलाही सांगता येईना. "पाय म्या नीट पाह्यलेच नाई," त्या म्हणाल्या. "डोळ्यात पानी होतं." भाऊंनी मान हलवली आणि गरम पाणी प्यायले. बाई पुढं सरकल्या. त्यांनी भाऊंच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तुमी त्याइच्याहून चांगले नाचत असान."

भाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं. "तुले काय मालूम?" ते म्हणाले. "तू पाह्यलं कोठी?"

मी फ्लास्क उचलला आणि बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी बस निघाली तशी रूपराव मोठ्यानं प्रफुलला सांगू लागले, की आमच्या बाई होत्या म्हणून परदेशात पौर्णिमा पाळली गेली, नाहीतर आजकाल कोण पाळते. बाई म्हणाल्या, "रूपराव, चूप बसा." मग खिडकीबाहेर पाहत मला हळूच म्हणाल्या, "राती थे रागानं म्हणाले असते तं बरं झालं असतं वं, भावना."